सरूबाई आणि न भाजलेली वडी

थेरगावच्या विहारात श्रामणेर शिबिर लागलं, की दाराशेजारच्या फळ्यावर कामांचा कागद चिकटतो. कागदाला तीन रकाने असतात. स्वयंपाक, वाढप, भांडी. सरूबाई ओव्हाळ यांचं नाव अकरा वर्षं तिसऱ्या रकान्यात होतं आणि तिथेही सगळ्यात वर.

त्याचं कारण साधं होतं. सरूबाईंना स्वयंपाक येत नव्हता. भोसरीच्या एका फाउंड्रीत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली, तीही पहिल्या पाळीत. पहाटे पाचला घर सोडायचं. स्वयंपाक केला तो त्यांच्या नवऱ्यानं, साहेबरावांनी. साहेबराव देहूरोडला कामाला होते, त्यांची वेळ नऊची. दोन पोरांचे डबे, भाकरी, कालवण, सगळं त्यांच्या हातचं. ते निवृत्त झाले, सरूबाई निवृत्त झाल्या, तरी चूल साहेबरावांकडेच राहिली. सरूबाईंनी सून आल्यावर हौसेनं एकदा पोहे केले होते. ते चाकूनं कापावे लागले.

फाउंड्रीत मात्र त्यांचा हात चालायचा. त्या कोअर करायच्या. लोखंडाच्या ओतकामात आत पोकळी हवी असेल, तर साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. त्यालाच कोअर म्हणतात. वाळूत काकवी आणि तेल कालवायचं, लाकडी पेटीत भरायचं, ठासायचं, पेटी उलटी करून गाभा अलगद बाहेर काढायचा आणि भट्टीत भाजायचा. सरूबाई पाळीला दोनशे साठ कोअर काढत. शंभरात दोन फुटल्या तर त्या दिवशी त्या घरी कुणाशी बोलत नसत.

यंदाचं शिबिर मे महिन्यात लागलं. चौतीस मुलं, आठ ते चौदा वयाची. डोकी भादरलेली, अंगावर भिक्खूंचं चीवर. दहा दिवस विहारातच राहायचं. श्रामणेरांना दुपारी बारानंतर जेवण नसतं. संध्याकाळी सरबत मिळतं, बस्स. पहिल्या दोन दिवसांतच पोरं चारच्या सुमाराला भिंतीला टेकून बसायला लागली. एकानं ध्यानात डोळे मिटले आणि तो झोपेत ‘बटाटावडा’ म्हणाला. शिबिर घेणाऱ्या भन्तेंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शुक्रवारी बाया भांडी घासत होत्या, तेव्हा शालनबाई आल्या. शालनबाई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्षा, निवृत्त अंगणवाडीसेविका. कागद त्याच लिहायच्या. त्यांचं तोंड एकदा सुरू झालं की दुसऱ्याला श्वास घ्यायलाही परवानगी लागे.

“अगं बायांनो, पोरांच्या पोटाला आधार होईल असं काहीतरी सुचवा. साडेअकराच्या ताटात वाढता आलं पाहिजे आणि संध्याकाळपर्यंत पोटात थांबलं पाहिजे. लाडू म्हणू नका, लाडू झाले. चिक्की म्हणू नका, गेल्या वर्षी एकाचा दात पडला.”

नळाचं पाणी पडत होतं. पातेल्यात डोकं घालून सरूबाई म्हणाल्या, “मी आणते.”

“काय आणता?”

“वडी.”

“कुणी केलेली?”

“मीच करीन की.”

सगळ्या बाया हसल्या. शालनबाई तर पदर तोंडाला लावून हसल्या.

“सरूताई, तुमच्या हाताला घासायचं वरदान आहे. पातेल्यात तोंड दिसतं. कशाला उगीच पोरांचे हाल?”

“रविवारी नमुना आणते. पोरांनी खाल्ला तर पुढच्या शुक्रवारी शिबिर उठंपर्यंत माझं नाव स्वयंपाकात लिवायचं. न्हाई खाल्ला तर मी पुन्हा त्या रकान्याकडं बघायची न्हाई. जल्मात.”

“लिहून द्या,” शालनबाई म्हणाल्या.

“हात राखेत हायत. तोंडी घ्या.”

बोलून बसल्या खऱ्या. घरी येताना मात्र आपण काय बोललो ते त्यांना कळलं. अकरा वर्षांत एकदाही तोंड उघडलं नव्हतं. आता उघडलं आणि कायमचं मिटायची वेळ दोन दिवसांवर आणून ठेवली. काय वडी? कसली वडी? वडी हा शब्द कुठून आला तेही त्यांना ठाऊक नव्हतं.

सून आम्रपाली घरात होती. ती निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दुसरी पाळी होती, बस दोनला डांगे चौकातून सुटायची. तिनं सगळं ऐकलं आणि फोन काढला.

“आई, हे बघा. भाजायचं नाही, तळायचं नाही, पाक नाही. शेंगदाण्याचं लोणी, मार्शमॅलो आणि कॉर्नफ्लेक्स. गरम करून कालवायचं, ट्रेमध्ये दाबायचं, थंड करायचं, कापायचं.”

“मार्श काय?”

आम्रपालीनं परवाच मुलीच्या वाढदिवसाला आणलेली दोन पाकिटं फडताळातून काढली. वाढदिवसाला पोरांनी केकच खाल्ला होता. पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे ना, ते तिनं आधी तपासलं. मग एक गोळा सासूच्या तळहातावर ठेवला.

सरूबाईंनी तो दाबला. तो दबला. सोडला. तो फुगला. पुन्हा दाबला.

“हे खायचं?”

“खायचं.”

त्यांनी खाल्ला. जीभ तोंडात फिरवून बघितली.

“गोड हाय. पण तोंडात काय आलं आणि कधी गेलं कळलं न्हाई.”

फोनवरची बाई कढईत ते गोळे वितळवत होती. चिकट, लांब तारा सुटत होत्या. तिनं वरून कॉर्नफ्लेक्स ओतले, ढवळले, ट्रेमध्ये ओतून दाबले. सरूबाई फोनच्या इतक्या जवळ गेल्या की चष्मा काचेला लागला.

“थांबव. मागं घे. पुन्हा दाखव.”

आम्रपालीनं पुन्हा दाखवलं.

“अगं आम्रपाली!” सरूबाई ओरडल्या. साहेबराव बाहेरून धावत आले, त्यांना वाटलं कुणाला चटका बसला. “अगं ही तर कोअर हाय! ती वाळू, ही काकवी, ही पेटी! कालवलं, ठासलं, काढलं! मला येतंय हे! सत्तावीस वर्षं येतंय!”

त्यांनी आम्रपालीचे दोन्ही हात धरून तिला स्वयंपाकघरात एक गिरकी दिली. सहासष्ट वर्षांची बाई आणि गुडघ्याला पट्टा. साहेबराव दारात उभे राहून म्हणाले, “शेंगदाणे मंद आचेवर भाज. आन् मीठ चिमूटभरच.”

“तुमी बाहेर. आजपासून रविवारपर्यंत तुमाला इथं गेट पास न्हाई.”

शनिवारी सकाळी सातला काम सुरू झालं. फोनवरच्या बाईनं शेंगदाण्याच्या लोण्याची बरणी विकत आणली होती. सरूबाईंना ते पटलं नाही. कच्चा माल आपण तयार केला नाही तर दोष कुणाला द्यायचा? त्यांनी एक किलो शेंगदाणे निवडले. वाकडे, सुरकुतलेले, काळे ठिपकेवाले बाजूला. मंद आचेवर पाऊण तास भाजले, हात न थांबवता. फडक्यात चोळून सालं काढली, गॅलरीत सुपानं पाखडली. सालं खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेली. खालून आवाज आला. सरूबाईंनी सूप हलवून नमस्कार केला.

मग मिक्सर. पहिल्यांदा कूट झाला. मग गोळा झाला. आम्रपाली म्हणाली, “थांबू नका, आई. तेल सुटेपर्यंत फिरवा.” मिक्सर तापला की थांबायचं, गार झाला की पुन्हा. सातव्या फेरीला गोळा सैल पडला, चकाकला आणि भांड्यात संथ फिरायला लागला. सरूबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि डोळे मिटले.

“तेलबी सुटलं, वासबी सुटला. पास.”

एक पाकीट मार्शमॅलो दोन चमचे लोण्यात वितळवले. त्यात अर्धं शेंगदाण्याचं लोणी गेलं, मग कॉर्नफ्लेक्स आणि थोडे चुरमुरे. कालवताना त्यांचा हात असा चालला की आम्रपाली बघत राहिली. खालून वर, कडेनं मधे, एकही कण कोरडा नाही आणि एकही चुरडला नाही. ट्रेला तूप लावून मिश्रण भरलं. कोपरे आधी ठासले, मधे हलका हात ठेवला.

“मधे का नाही दाबलं?” आम्रपालीनं विचारलं.

“ठासून मारलं की दगड होतो. आत हवा खेळली पायजे. कडा धरल्या की मधलं आपोआप धरतं.”

“झालं तर मग. आता फ्रीजमध्ये ठेवा, तासाभरानं कापा. मी निघते, आज दोनची बस लवकर येणार आहे.” दारात ती पुन्हा वळली. “आई, भाजायचं नाही हं.”

“ऐकलं बाई.”

सून गेली. सरूबाई ट्रेसमोर बसल्या. बोटानं दाबून बघितलं. मऊ. कड उचलून बघितली. वाकली.

हे बरोबर नव्हतं. कच्ची कोअर भट्टीत गेल्याशिवाय उभी राहत नाही, हे त्यांना पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. कच्चा माल पुढे पाठवणाऱ्या बाईला मुकादम सगळ्यांदेखत बोलायचा. सत्तावीस वर्षांत त्यांनी एकही कोअर न भाजता पुढे दिली नव्हती. आणि आता चौतीस पोरांच्या पुढ्यात असली लिबलिबीत गोष्ट ठेवायची? फोनवरच्या बाईचं काय जातंय? तिला कुठे शालनबाईंना तोंड द्यायचं होतं?

त्यांनी मोठा कुकर काढला. शिटी काढली. तळाशी तीन बोटं वाळू घातली. चाळलेली, धुतलेली, वाळवलेली वाळू. नातीच्या केकसाठी साहेबराव ती डब्यात जपून ठेवायचे. ट्रे कुकरात मावेना. मग सगळं मिश्रण केकच्या गोल भांड्यात पुन्हा ठासलं. वाळूवर भांडं, वर झाकण, मंद आच. त्यांनी घड्याळ बघितलं. वीस मिनिटं.

साहेबराव बाहेरून म्हणाले, “काय जळतंय का?”

“भाजतंय.”

“भाजायचं न्हाई म्हणाली ना ती?”

“ती क्वालिटीला हाय. मी प्रॉडक्शनला.”

बाराव्या मिनिटाला कुकरातून ‘फुस्स’ आवाज आला. पंधराव्याला शिटीच्या भोकातून एक पांढरा बुडबुडा वर आला, मोठा झाला, थरथरला आणि फुटला. सरूबाईंनी गॅस बंद करून झाकण उघडलं. आतलं मिश्रण भांडं सोडून निघालं होतं. फुगून कडेवरून ओसंडलं होतं, चारी बाजूंनी खाली उतरून वाळूत शिरलं होतं आणि जाताना वाळूला घेऊन बसलं होतं.

साहेबराव गेट पास न घेता आत आले. त्यांनी कुकरात डोकावलं. सांडशीनं तो ऐवज भांड्यापासून सोडवून बाहेर काढला आणि फरशीवर ठेवला. गार होईपर्यंत दोघं त्याच्याकडे बघत बसले. मग साहेबरावांनी तो उचलून फरशीवर आपटला. ठण्ण आवाज झाला. फुटला नाही. पुन्हा आपटला. फरशीचा टवका उडाला.

“सरू,” साहेबराव म्हणाले, “आता खरी कोअर झाली बघ. वाळूसकट!”

सरूबाईंनी तोंड घट्ट मिटलं. एक दोन क्षण मिटून धरलं. मग त्यांच्या नाकातून आवाज आला आणि त्या हसत सुटल्या. साहेबराव ओट्याला धरून हसत होते. एक थांबलं की दुसरं कुकराकडे बघायचं, की दोघं पुन्हा सुरू. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली, की सगळं ठीक आहे ना.

“काम चोख झालंय हो,” सरूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “वरून ओतलं तर लोखंडबी झेलंल. फक्त खाता येत न्हाई.”

हसू ओसरलं तेव्हा त्यांना आठवलं की पाकीट आता एकच आहे, आणि उद्या रविवार.

त्या उठल्या. हातोडी घेतली आणि तो गोळा दोन घावांत फोडला. फाउंड्रीत माल फुटला की आधी त्याचा तुटलेला भाग बघायचा, रडायचं नंतर. बाहेरून काळा, आत पोकळ्या, तळाला सगळा चिकटपणा खाली उतरलेला. वरचे चुरमुरे कोरडे. त्यांनी कढईला लागून राहिलेला सकाळचा न भाजलेला घास खरवडून काढला. तो गार झाला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून वाकवला. वाकला नाही. चक्क मोडला, स्वच्छ, आणि दोन्ही तुकडे आपापल्या जागी उभे राहिले.

“आवं,” त्यांनी हाक मारली. “काकवी तापली की धरते. हे येडं उलटं हाय. हे तापलं की सोडतं आन् गार झालं की धरतं.”

“मग ती पोरगी तेच सांगत हुती.”

“ती सांगत हुती. आता मला कळलं. दोन्हीत फरक हाय.”

रविवारी पहाटे पाचला त्या उठल्या. आम्रपालीला सुट्टी होती, तरी ती उठली. कुकर बघितला, फरशीचा टवका बघितला, सासूकडे बघितलं. तिचे खांदे हलायला लागले.

“हस, हस,” सरूबाई म्हणाल्या. “रिजेक्शनचा तक्ता भरून ठेव.”

दुसरं पाकीट फोडलं, उरलेलं शेंगदाण्याचं लोणी काढलं. या वेळी आच कालच्याहून कमी. गोळे पूर्ण विरघळायच्या आधीच कढई खाली, उरलेलं त्याच्या त्याच्या उष्णतेनं. मिश्रण भरलं, कडा ठासल्या, मधे हलका हात. मग फ्रीजचं दार उघडून ट्रे आत ठेवला आणि दार लावलं. आणि त्यापुढची पन्नास मिनिटं काहीच करायचं नव्हतं. सरूबाईंना आयुष्यात इतकं अवघड काम कुणी दिलं नव्हतं. त्यांनी ओटा धुतला, पुन्हा धुतला. दोनदा फ्रीजकडे गेल्या. दोनदा आम्रपालीनं हात आडवा केला. 

“आई, दार उघडलं की गारवा जातो.”

“मी नुसती उभी हाय.”

“मूठ दाराला आहे तुमची.”

सहा ओळी, ओळीला सात वड्या. बेचाळीस. पट्टी लावून कापल्या. एकही तुटली नाही. आम्रपालीनं एक उचलली, उजेडात धरली, फिरवली, चारी कडा बघितल्या आणि कंपनीत म्हणतात तशी म्हणाली, “ओके.” सरूबाईंनी तिच्या हातातली वडी परत घेऊन डब्यात ठेवली. मोजलेला माल होता.

मेचं ऊन. डबा बर्फाच्या पातेल्यात, वर ओलं फडकं. रिक्षात तिघंही बसली, पातेलं साहेबरावांच्या मांडीवर. विहार येईपर्यंत त्यांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली. त्यांनी कुरकुर केली नाही. गेट पास मिळाला होता.

साडेअकराला पंगत बसली. एका बाजूला भन्ते, समोर चौतीस श्रामणेर, प्रत्येकाच्या पुढ्यात पात्र. शिबिराचा नियम कडक. जेवताना बोलायचं नाही. मागायचं नाही. पुरे असेल तर पात्रावर हात ठेवायचा, हवं असेल तर पात्र उघडं ठेवायचं. सरूबाईंना हा नियम अकरा वर्षं माहीत होता. आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की आवडलं की नाही हे कुणी सांगणारच नाही.

वाढप शालनबाईंकडे होतं. “जय भीम, सरूताई. घट्ट दिसतात हो. दात पडले तर मी भरून देणार नाही,” असं म्हणत त्यांनी डबा उचलला आणि भात, आमटी, भाजी यांच्या शेजारी एकेक वडी ठेवत गेल्या. भन्तेंनी वडीपुरता पात्रावर हात ठेवला. सरूबाई दाराबाहेर उभ्या राहिल्या.

भाताआधीच बहुतेकांनी वडी तोंडात टाकली. जबडे हलायला लागले. मग थांबले. तिसऱ्या ओळीतल्या एका पोराची जीभ टाळूला चिकटली. त्यानं डोळे मोठे केले. गाल आतून ढकलले. शेजाऱ्यानं ते बघितलं. त्याचीही चिकटली होती. दोघांचे खांदे हलायला लागले. ते हसू ओळीनं पुढे गेलं. चौतीस तुळतुळीत डोकी खाली, खांदे गदगदा हलतायत आणि आवाज मात्र नाही. भन्तेंनी नजर वर केली. खांदे थांबले. नजर खाली गेली. खांदे पुन्हा सुरू.

सरूबाईंनी दाराची चौकट धरली. हसतायत म्हणजे गेलंच. वाळू राहिली की काय? तूप जास्त झालं? साहेबराव शेजारी येऊन उभे राहिले.

शालनबाई भाताची दुसरी फेरी घेऊन निघाल्या. पहिल्या पोरानं पात्रावर हात ठेवला. दुसऱ्यानं ठेवला. ओळीच्या ओळी हात. आमटी नेली. हात. भाजी नेली. हात. शालनबाईंनी सरूबाईंकडे बघून भुवया उंचावल्या, की बघा, जेवणच मेलं पोरांचं. आणि केवळ दाखवून द्यायला म्हणून त्यांनी डबा उचलला.

चौतीस हात एकदम उठले. चिवरांची सळसळ झाली. चौतीस पात्रं उघडी.

शालनबाई डबा घेऊन उभ्याच राहिल्या. मग त्यांचं लक्ष समोर गेलं. भन्ते खाली बघत शांत बसले होते. आता त्यांचंही पात्र उघडं होतं.

डब्यात उरल्या होत्या आठ.

सरूबाई आत आल्या. आम्रपालीकडून शिलाईचा दोरा घेतला, ताणला आणि आठ वड्यांचे प्रत्येकी पाच तुकडे केले. चाळीस. पस्तीस पात्रांत पस्तीस तुकडे गेले, इवलेसे, पण सारखे. एकाही पोराला दुसऱ्याच्या तुकड्याकडे बघावं लागलं नाही. उरलेल्या पाचांतला एक त्यांनी शालनबाईंपुढे धरला.

शालनबाईंनी तो तोंडात टाकला, बोलायला म्हणून तोंड उघडलं आणि त्यांची जीभ टाळूला बसली. ‘म्म’ एवढंच आलं. सगळ्या बाया बघत राहिल्या. मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून. फळ्यापाशी गेल्या, पेन काढलं, तिसऱ्या रकान्यातलं पहिलं नाव खोडलं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं. ठळक लिहिलं.

सरूबाईंनी ती वेळ वाया घालवली नाही.

“रोजच्या ऐंशी वड्या करायच्या. एक किलो शेंगदाणे. सोलायला आणि पाखडायला उद्या सात वाजता तुमी माझ्याकडं यायचं. सातला म्हंजे सातला.”

“म्म!” शालनबाईंनी जोरात मान हलवली.

“खवट एकबी चालायचा न्हाई. निघाला तर अख्खा किलो पुन्यांदा.”

“म्म म्म!”

“काय म्हणता? पटत असंल तर गप बसा.”

शालनबाई गप्प बसल्या. त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं.